घनतेची साक्ष : तुळापूरचा हत्ती, चामुंडीचा नंदी आणि म्हैसूरचे चंदन



शाळेच्या साठाव्या वर्षाला ‘हीरक महोत्सव’ म्हणतात. महोत्सवाला हिऱ्याचे नाव दिले, तर हा हिरा खरा कशावरून, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारावे आणि गुरुजनांनी त्यावर रागावू नये. समोर दोन खडे ठेवले आहेत, दोन्ही पारदर्शक आणि दोन्ही लखलखणारे. एक हिरा आणि दुसरा काच. घासून पाहायचे नाही, फोडायचे नाही, तापवायचे नाही. तरीही त्यांची ओळख पटवता येते. त्यासाठी तराजू, दोरा आणि पेलाभर पाणी एवढेच साहित्य लागते.

रीत अशी. खडा प्रथम हवेत तोलावा. मग तो बारीक दोऱ्याने तराजूच्या पारड्याखाली टांगून पूर्णपणे पाण्यात बुडवावा आणि पुन्हा तोलावा. पाण्यात त्याचे वजन कमी भरते. जेवढे कमी भरते, तेवढेच वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे असते. हवेतील वजनाला या घटीने भागले की खडा पाण्याच्या किती पट जड आहे ते कळते. हीच त्याची सापेक्ष घनता. दहा कॅरटचा, म्हणजे २ ग्रॅमचा हिरा पाण्यात सुमारे ०.५७ ग्रॅमने हलका होतो, कारण हिऱ्याची घनता ३.५२ आहे. तेवढ्याच वजनाची साधी काच ०.८ ग्रॅमने हलकी होते, कारण तिची घनता अडीचच्या आसपास असते. डोळ्यांना फसवणारा खडा पाण्याला फसवू शकत नाही. निदान काचेच्या बाबतीत तरी नाही. ही फसवणूक कोठे जमते, ते पुढे येईलच.

‘घनता म्हणजे एकक आकारमानातील वस्तुमान’ ही व्याख्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. वस्तुमानाला आकारमानाने भागा, असे सूत्र आहे आणि ते परीक्षेत दोन गुण हमखास मिळवून देते. मात्र या भागाकारात खरी अडचण भागाकाराची नाहीच. वस्तुमान तराजू सांगतो. आकारमान कोण सांगणार? विटेची लांबी, रुंदी, उंची मोजता येते. लिंबू, शंख, दागिना, नदीकाठचा गोटा यांना कोणती मोजपट्टी लावायची? घनतेचा सारा इतिहास म्हणजे वेड्यावाकड्या वस्तूंचे आकारमान काढण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

यातली सर्वांत प्रसिद्ध युक्ती आर्किमिडीजची. सिराक्यूजचा राजा हिएरो याच्या सुवर्णमुकुटात चांदीची भेसळ झाली आहे काय, हे मुकुटाला धक्का न लावता त्याला शोधायचे होते. काठोकाठ भरलेल्या भांड्यात मुकुट बुडवून सांडलेले पाणी मोजले, ही कथा व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यविशारदाने सांगितली आणि ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. पण ती जशीच्या तशी करून पाहिली तर काय होते? मुकुट एक किलोग्रॅमचा धरू. शुद्ध सोन्याची घनता १९.३. त्यामुळे आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर. त्यातले ३०० ग्रॅम सोने काढून तेवढी चांदी घातली, तर चांदीची घनता १०.५ असल्याने आकारमान सुमारे ६५ घन सेंटिमीटर होईल. फरक १३ घन सेंटिमीटरचा. मुकुट मावेल असे वीस सेंटिमीटर तोंडाचे भांडे घेतले, तर पाण्याच्या पातळीतला फरक अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही. काठावर पाण्याचा जो फुगवटा राहतो, तोच याहून मोठा असतो. म्हणजे राजाचा सोनार सहज सुटला असता.

ही अडचण गॅलिलिओला विद्यार्थिदशा संपता संपताच दिसली. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने एका छोट्या तराजूवर टिपण लिहिले. आर्किमिडीजसारख्या बुद्धिमंताने सांडलेले पाणी मोजले नसेल, त्याने मुकुट पाण्यात तोलला असेल, असा त्याचा तर्क होता. पाण्याच्या पातळीत न दिसणारा तो १३ घन सेंटिमीटरचा फरक तराजूवर १३ ग्रॅमचा होतो आणि १३ ग्रॅम साध्या तराजूलाही कळतात. त्या दोघांच्या मधल्या काळात अल्-बिरूनी या विद्वानाने चोचीच्या भांड्यात रत्ने आणि धातू बुडवून बाहेर पडलेले पाणी तोलले आणि त्यांच्या जडपणाचे कोष्टक तयार केले. भारतावर ग्रंथ लिहिणारा अल्-बिरूनी तो हाच.

आता आपल्या मुलखातील गोष्ट. पुण्याजवळ भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर तुळापूर आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मृतीने हे गाव महाराष्ट्राच्या अंतःकरणात कोरले गेले आहे. परंतु गावाला ‘तुळापूर’ हे नाव पडले ते त्याआधी, एका तुलेमुळे. पूर्वी ते नांगरगाव होते. विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने १६३३ साली ग्रहणाच्या पर्वकाळी येथे तुलादान केले आणि हत्तीचीही तुला करावी असे त्याच्या मनात आले. हत्ती पेलणारा तराजू आणायचा कोठून? परंपरा सांगते की शहाजीराजांनी तोड काढली. हत्तीला नावेत चढवले. नाव जेथवर बुडाली तेथे खूण केली. हत्तीला उतरवून नाव त्याच खुणेपर्यंत बुडेतो तिच्यात दगड भरले. मग ते दगड थोडे थोडे करून तोलले. त्या दगडांची बेरीज हेच हत्तीचे वजन झाले.

चीनमध्येही हीच गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळातील त्साओ छोंग या बालकाच्या नावावर सांगितली जाते. त्यामुळे शहाजीराजांचे श्रेय उणे होत नाही. नदी आणि नाव जेथे आहे, तेथे ही बुद्धी सुचू शकते. पुढे याच शहाजीराजांची कारकीर्द कर्नाटकात, बंगळूरच्या जहागिरीत गेली आणि १६६४ मध्ये होदिगेरे येथे त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. कर्नाटकातील मराठी घरांना हा धागा आपला वाटतो, तो उगाच नव्हे.

मात्र एक गोष्ट विद्यार्थ्यांनी काटेकोरपणे ध्यानात घ्यावी. तुळापुरात हत्तीचे वजन निघाले, घनता नाही. तरंगणारी नाव आपल्या आणि आपल्यावरील भाराच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, म्हणून ती वजन सांगते. पूर्ण बुडालेली वस्तू स्वतःच्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते, म्हणून ती आकारमान सांगते. हा भेद न कळल्यामुळे उत्तरपत्रिकांत जेवढा गोंधळ होतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

मग हत्तीची घनता काढण्यासाठी त्याला बुडवायचे काय? तशी गरज नाही. हत्ती उत्तम पोहतो. पोहताना त्याचे बहुतेक सारे अंग पाण्याखाली असते, माथा आणि सोंड तेवढी वर. यावरूनच कळते की त्याची घनता पाण्याच्या अगदी जवळ, किंचित कमी आहे. म्हैसूरच्या दसऱ्यासाठी नागरहोळे परिसरातील छावण्यांतून हत्ती येतात, तेव्हा त्यांना शहरातील वजनकाट्यावर उभे करतात. खुराक सुरू झाल्यावर पुन्हा तोलतात आणि अंबारीचा भार पेलण्याचा सराव वाळूच्या पोत्यांनी करून घेतात. अंबारी वाहणारा हत्ती पाच टनांच्या आगेमागे भरतो. म्हणजे त्याचे आकारमान जवळजवळ पाच घनमीटर. मोजपट्टी न लावता हत्तीचे आकारमान मिळाले! वजन आणि घनता ठाऊक असली की आकारमान निघते, हा त्याच सूत्राचा उलटा प्रवास होय.

तो अंबारीवरही करून पाहावा. चामुंडेश्वरीची मूर्ती जिच्यात विराजमान होते, ती सुवर्ण अंबारी सुमारे ७५० किलोग्रॅमची आहे. पाहुण्यांना ती ‘सोन्याची’ म्हणून दाखवली जाते आणि लहान मुले ती संपूर्ण सोन्याची समजतात. ७५० किलोग्रॅम शुद्ध सोन्याचे आकारमान किती? ७५० ला १९.३ ने भागले की ३९ लिटरही भरत नाहीत. पिण्याच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार जेवढी जागा व्यापतात, तेवढीच! मूर्ती सामावणारा छत्रयुक्त मंडप एवढ्या धातूतून भरीव घडणे शक्यच नाही. आत लाकडाचा सांगाडा आणि वर सोन्याचा पत्रा आहे, हे आत डोकावून न पाहता एका भागाकाराने सांगता येते. अंबारीत सोने सुमारे ८० किलोग्रॅम असल्याचे सांगतात. तो आकडा घेतला तर सोन्याचे आकारमान जेमतेम चार लिटर होते, म्हणजे पाण्याची एक लहान कळशी. एवढे सोने पातळ पत्रा करून पसरले की केवढे वैभव दिसते!

चामुंडी टेकडीवरचा नंदी हा तर घनतेचा उघड्यावर मांडलेला प्रश्न आहे. सतराव्या शतकात, दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळात, एकाच शिळेतून तो कोरला गेला. उंची सुमारे १६ फूट, लांबी सुमारे २५ फूट. त्याला काट्यावर नेता येत नाही, नावेत चढवता येत नाही, पाण्यात बुडवता येत नाही. तरीही त्याचे वजन किती असेल, हे शाळेच्या अंगणात बसून अदमासता येते. मापे घेऊन आणि चारी बाजूंची छायाचित्रे पाहून विसावा हिस्सा मापाचा मातीचा नमुना करावा. तो ३८ सेंटिमीटर लांब आणि साडेचोवीस सेंटिमीटर उंच होईल. माती पाण्यात विरघळू नये म्हणून त्यावर मेणाचा हात फिरवावा आणि तो पाण्यात बुडवून बाहेर पडलेले पाणी मोजावे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वीसपट, म्हणून आकारमान वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजार पट. समजा नमुन्याने नऊ लिटर पाणी बाजूला सारले, तर मूळ शिल्प ७२ घनमीटरचे. ग्रॅनाइटचा एक घनमीटर सुमारे २.६५ टनांचा असतो, म्हणून वजन १९१ टन. नऊ लिटर हा आकडा येथे रीत दाखवण्यापुरता घेतला आहे. खरा आकडा नमुना करणाऱ्यांनीच आणायचा आहे.

आणि तो आणताना एक सावधगिरी हवी. मापे घेताना प्रत्येक लांबीत शंभरात दोनची चूक झाली, तर आकारमानात ती शंभरात सहाच्या घरात जाते, कारण लांबी तीनदा गुणली जाते. १९१ टनांत सहा टक्के म्हणजे अकरा टनांहून अधिक, दोन अंबारीचे हत्ती! म्हणून ‘नंदीचे वजन १९०.८ टन’ असे दशांशचिन्ह लावून सांगणाऱ्यापेक्षा ‘पावणेदोनशे ते दोनशे टनांच्या दरम्यान’ असे सांगणारा अधिक विज्ञाननिष्ठ होय.

काही वस्तू पाण्यात बुडवताच येत नाहीत. म्हैसूरपाकाचेच घ्या. नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या पाकशाळेतील काकासुर मादप्पा यांना त्याच्या निर्मितीचे श्रेय दिले जाते. उकळत्या तुपाने जाळी पडलेला म्हैसूरपाक आणि हल्लीचा तुपाळ, मऊ म्हैसूरपाक यांच्या घनतेत फरक असणारच. तो मोजण्यासाठी पाणी निरुपयोगी, कारण साखर विरघळेल. येथे अन्नप्रयोगशाळांतील युक्ती कामी येते. पावाचे आकारमान मोजताना पाण्याऐवजी मोहरीच्या जातीचे बारीक दाणे वापरतात. डबा दाण्यांनी काठोकाठ भरायचा, दाणे काढायचे, पाव ठेवून पुन्हा दाणे भरायचे, उरलेले दाणे म्हणजे पावाचे आकारमान. अन्नाचा असा शास्त्रीय विचार करणारी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून म्हैसूरच्याच चेलुवांबा महालात आहे. हा प्रयोग मुलांना घरी सांगितला, तर प्रयोगाची वस्तू नंतर शिल्लक राहील याची खात्री मात्र देता येत नाही.

तरंगणाऱ्या लाकडाला खाली जड गोळा बांधून बुडवावे लागते आणि ते पाणी पिऊ नये म्हणून मेण लावावे लागते. सागवान हलके, शिसव त्याहून जड, रक्तचंदन पाण्यात बुडते. चंदनाचा वाळलेला गाभा पाण्याहून थोडासाच हलका. या चंदनापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण घनतेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही म्हैसूरच्या चंदनतेलात जशी दिसतात तशी अन्यत्र क्वचित दिसतात.

पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड मोठ्या प्रमाणावर युरोपात, विशेषतः जर्मनीत जाई आणि तेल तेथे निघे. युद्धाने तो व्यापार तोडला. लाकूड पडून राहिले. त्या वेळी महाराजा होते नाल्वडी कृष्णराज वोडेयर आणि दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तेल काढण्याचे तंत्र येथेच सिद्ध करण्यात आले. १९१६ मध्ये बंगळूरला आणि पाठोपाठ म्हैसूरला ऊर्ध्वपातन सुरू झाले. नवख्या संस्थानी कारखान्याचे तेल परदेशी बाजाराने घ्यायचे, तर त्याच्या शुद्धतेचा पुरावा लागणार. ‘वास पाहा’ एवढे सांगून भागत नाही.

पुराव्यांपैकी एक म्हणजे सापेक्ष घनता. शुद्ध चंदनतेलाची सापेक्ष घनता २० अंश सेल्सिअसला ०.९६८ ते ०.९८३ यांच्या दरम्यान असावी लागते. ती मोजण्यासाठी जी लहान बाटली वापरतात, तिच्या बुचाला आरपार केसासारखे बारीक छिद्र असते. बूच बसवले की जादा द्रव त्यातून बाहेर येतो आणि प्रत्येक वेळी आत नेमके तेवढेच आकारमान उरते. बाटलीत पाणी ५० ग्रॅम मावले आणि तेल ४८.७५ ग्रॅम, तर तेलाची सापेक्ष घनता ०.९७५. तापमान सांभाळले नाही तर सारे श्रम व्यर्थ, कारण उष्णतेने तेल पसरते आणि हलके होते. या तेलात कोणी चौथा हिस्सा खोबरेल मिसळले, तर घनता ०.९६१ च्या आसपास उतरते आणि लबाडी तत्काळ उघडी पडते.

पण लबाडही पदार्थविज्ञान जाणतो. त्याने खोबरेलाऐवजी एरंडेल मिसळले तर? एरंडेलाची घनता ०.९६ च्या आसपास, चंदनतेलाला अगदी लागून. चौथा हिस्सा एरंडेल मिसळूनही मिश्रण ०.९७१ वर राहते, म्हणजे नियमाच्या मर्यादेत! घनता गप्प बसते. तेव्हा दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. शुद्ध चंदनतेलातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची पातळी १५ ते २१ अंशांनी डावीकडे वळते. एरंडेल मात्र ती किंचित उजवीकडे वळवते. भेसळीने वळण कमी पडते आणि जे तराजूला कळले नाही ते प्रकाशाला कळते.

दुधाचेही तसेच. गाईच्या दुधाची सापेक्ष घनता साधारण १.०२८ ते १.०३२. पाणी घातले की ती घटते आणि दुग्धतामापी, म्हणजे लॅक्टोमीटर, खोल बुडतो. पण साय हलकी असते. ती काढून घेतली की दूध जड होते. आधी साय काढायची आणि मग बेताने पाणी घालायचे, म्हणजे काटा पुन्हा जागेवर! एकाच मापाने दोन चोऱ्या झाकल्या जातात, म्हणून दुधात स्निग्धांशही मोजावा लागतो. सोन्याच्या लगडीत टंग्स्टन भरण्यामागचे रहस्यही हेच. टंग्स्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३. आणि आरंभीच्या हिऱ्याला लागून बसणारा खडा म्हणजे रंगहीन पुष्कराज. त्याची घनता ३.५ च्या आसपास असल्याने पाण्यात तोलून तो हिऱ्यापासून वेगळा काढणे फार कठीण. तेथे काठिण्य आणि प्रकाशाचे वर्तन पाहावे लागते.

शाळांच्या प्रयोगशाळांत एक खोड जुनी आहे. तांब्याची घनता ८.९६ हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. मापन ८.४ देते. मग वहीतले वजन हळूच बदलले जाते आणि उत्तर ‘बरोबर’ येते. शिक्षकही तेथे लाल बरोबरीची खूण करतात. याचा दोष एकट्या विद्यार्थ्याकडे जात नाही. बरोबर उत्तरालाच गुण देणारी पद्धत त्याला तेच शिकवते. ही खोड लॉर्ड रॅलीला असती तर काय झाले असते? हवेतून ऑक्सिजन आदी वायू काढून टाकून उरलेल्या नायट्रोजनची घनता त्याला लिटरला १.२५७२ ग्रॅम मिळाली. रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनची घनता मात्र १.२५०५ भरली. फरक शंभरात अर्ध्याचा. कोणीही ‘प्रयोगातील त्रुटी’ म्हणून सोडून दिला असता. रॅलीने पुनःपुन्हा तोलले, फरक गेला नाही, आणि तो जात नाही हे त्याने १८९२ साली छापून जाहीर केले. १८९४ मध्ये त्याने आणि विल्यम रॅम्झे याने त्याचे कारण सांगितले. हवेत आर्गॉन नावाचा एक अज्ञात, जड वायू मिसळलेला होता. १९०४ मध्ये रॅलीला पदार्थविज्ञानाचे आणि रॅम्झेला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शतकभर रसायनशास्त्रज्ञांच्या नाकातोंडातून आतबाहेर करणारा तो वायू दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकात सापडला.

चामुंडीच्या पायथ्याशी ग्रॅनाइटचे सुटे खडे पुष्कळ पडलेले असतात. मुठीएवढा एक खडा शाळेत आणावा, धुऊन वाळवावा आणि तोलावा. हवेत १३२.५ ग्रॅम आणि पाण्यात ८२.५ ग्रॅम भरला, तर घट ५० ग्रॅम आणि सापेक्ष घनता २.६५. पण बहुधा तसे होणार नाही. खडकाच्या भेगांत हवेचे बुडबुडे अडकतील, दोरा भिजेल, पारडे भांड्याला घासेल आणि उत्तर २.५८ येईल. तेव्हा वहीत २.५८ च लिहावे, त्याखाली तारीख आणि पाण्याचे तापमान नोंदवावे, बुडबुडे मऊ ब्रशाने झटकावेत आणि खडा पुन्हा पाण्यात सोडावा.